मातीचा डायनासोर करायचाय? मग आपल्या चंद्रपूरचाच करा

लांब मानेचा प्लास्टिकचा डायनासोर हातात आला की मी आधी तो उलटा करून पुढचे पाय बघतो, घरातले म्हणतात झालं याचं सुरू. बहुतेक वेळा पुढच्या पायांना हत्तीसारखी गोल गोल पाच नखं असतात. आता टायटॅनोसॉर म्हणजे या लांब मानेवाल्यांचं शेवटचं मोठं खानदान, आणि त्यांच्या पुढच्या पायाला बोटंच उरली नव्हती. तळव्याची हाडं उभी, एकमेकांना खेटून, घोड्याच्या नालेसारखी मांडलेली, आणि त्या खांबावर सगळा भार. नखं मागच्या पायांना, तीही आतल्या तीन बोटांना. एवढी एक गोष्ट बरोबर केलीत तर तुमचं घरी केलेलं मॉडेल दुकानातल्या बऱ्याच खेळण्यांपेक्षा खरं होतं, हात कितीही कच्चा असू दे.

सांगायचा मुद्दा हा की या छंदात बोटांची सफाई नंतर येते, आधी हाडं बघायची सवय लागते. लोक खेळणं समोर ठेवून खेळण्याची कॉपी करतात, मग खेळण्यातली चूक आपल्या मातीत उतरते.

पहिलं मॉडेल म्हणून मी सगळ्यांना इसिसॉरस सांगतो, तोही टायटॅनोसॉरच. एक तर चार पायांवर उभा राहतो त्यामुळे तोल सांभाळायची कटकट नाही, आणि दुसरं म्हणजे हा आपल्याकडचा आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या डोंगरगावचा. तिथे १९८० च्या दशकात हाडं खणून काढली, १९९७ साली जैन आणि बंद्योपाध्याय या शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन छापलं, तेव्हा नाव होतं टायटॅनोसॉरस कोल्बर्टी. मग २००३ मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळालं, इसिसॉरस, आणि त्यातलं इसि म्हणजे आयएसआय, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव डायनासोरला! (तिथे भूशास्त्राचा विभाग आहे, म्हणून.)

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की याचा सांगाडा भारतात सापडलेल्या टायटॅनोसॉरमध्ये बराच भरलेला आहे. मान, पाठ, शेपटीचे मणके, बरगड्या, कंबरेची हाडं, खांदा, पुढचा पाय हे सगळं आहे. डोकं नाही आणि मागचे पाय नाहीत. म्हणजे जिथे हाडं आहेत तिथे गप्प हाडांचं ऐकायचं आणि जिथे नाहीत तिथे नातेवाइकांकडून उसनं आणायचं.

माती कुठली घ्यायची

आपल्याकडे माती म्हटलं की पहिला हात शाडूकडे जातो, गणपतीनंतर घरात अर्धी पिशवी उरलेली असतेच. मीपण तेच केलं होतं. छान तार वाकवली, त्यावर शाडू लिंपला, मान बिन एकदम मस्त, पंख्याखाली ठेवून झोपलो आणि सकाळी बघतो तर मानेला चार ठिकाणी आडव्या भेगा, जणू कोणी सुरीने काप केलेत. कारण साधं आहे, शाडू वाळताना पाणी जातं आणि माती आकसते, तार काही आकसत नाही, मग माती बिचारी तारेभोवती ताणून फाटते. विकतच्या एअर ड्राय क्लेचंही तेच, फक्त जरा कमी. शाडूच वापरायचा असेल तर तार वापरू नका, डायनासोर बसलेला करा, पाय पोटाखाली घेतलेले, मान अंगाला टेकलेली, आणि मातीत कागदाचा लगदा थोडा मळून घ्या म्हणजे भेगा कमी पडतात. वाळवतानाही पंखा नको, वर ओला फडका टाकून दोन-चार दिवस सावकाश वाळू दे. लहान मुलांबरोबर करायला हेच बेस्ट, हात धुतले की विषय संपला.

उभं मॉडेल करायचं तर पॉलिमर क्ले घ्या. ही माती नाहीच खरं तर, प्लास्टिकचाच एक प्रकार, पाण्याने वाळत नाही, ओव्हनमध्ये कडक होते. त्यामुळे महिनाभर रोज अर्धा तास काम करत बसलात तरी चालतं, फक्त रात्री डब्यात झाकून ठेवायचं नाहीतर घरातली सगळी धूळ तिच्यावर येऊन बसते. तिसरा पर्याय एपॉक्सी पुटी, म्हणजे नळवाले वापरतात ते एमसील. दगडासारखं होतं, भाजायला लागत नाही, पण हातात वेळ थोडा असतो, त्यात बारीक काम करायला घेतलं की अर्ध्या डोळ्यावर असतानाच कडक व्हायला लागतं. मी ते फक्त तारेचे सांधे पक्के करायला वापरतो. ग्लोव्हज घाला मात्र, हाताला लागलं की दोन दिवस निघत नाही आणि काहींना खाजही सुटते.

हत्यारं विकत आणायची गरज नाही. टूथपिक, विणकामाची सुई, जुना टूथब्रश, सेफ्टी पिन, बॉलपेनची रिकामी रिफिल. लाटणं लागेल, पण एकदा क्लेला लावलेलं लाटणं परत पोळ्यांना नाही. यावरून आमच्याकडे झालेलं आहे, तपशील देत नाही.

आधी कागद, मग तार

ग्राफ पेपरवर मॉडेलच्या खऱ्या साइजमध्ये दोन चित्रं काढायची, एक बाजूने आणि एक समोरून. समोरूनचं लोक काढत नाहीत आणि मग डायनासोर पापडासारखा चपटा होतो. इसिसॉरसच्या लांबीचे अंदाज ११ मीटरपासून १८ मीटरपर्यंत आहेत, त्यामुळे स्केलवरून भांडायला वाव नाही. मी १२ मीटर धरून १:४० ला करतो म्हणजे ३० सेंटिमीटर, शेल्फवर मावतो. माझी वाटणी साधारण शेपूट १२, धड ९, मान आणि डोकं मिळून ९. खांदा कंबरेपेक्षा उंच ठेवायचा कारण याचे पुढचे पाय चांगले लांब आहेत, आणि मान त्याच्या भाऊबंदांच्या मानाने आखूड. बाजूने बघितलं की पाठ मागे उतरती दिसली पाहिजे, जिराफाची असते ना तशी काहीशी.

समोरून काढताना पाय जरा लांब लांब ठेवा. टायटॅनोसॉरच्या पाऊलखुणा सापडतात त्यात डावी-उजवी पावलं मधल्या रेषेपासून चांगली दूर असतात, म्हणजे अंग रुंद आणि चाल ऐसपैस. आणि शेपूट वर, जमिनीवर घासणारी नको, पावलांच्या मागांमध्ये शेपटी ओढल्याच्या खुणा जवळपास नसतातच.

तार हार्डवेअरमधून अ‍ॅल्युमिनियमची घ्या, दोनेक मिलिमीटर जाडीची. नाही मिळाली तर बांधकामावरची बायंडिंग वायर दुहेरी करून पीळ द्या. एक लांब तार नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, आणि पायांसाठी दोन तारा उलट्या यू सारख्या, खांद्यावर एक, कंबरेवर एक. पायाची तार तळव्याखाली तीन सेंटिमीटर जास्त सोडायची, ती लाकडाच्या फळीत भोकं पाडून खोचायची. सुताराकडे तुकडे पडलेले असतात, मागितले तर तसेच देतो. सांध्यांना एमसील लावून रात्रभर ठेवा. हे नाही केलं तर पुढे क्ले लावताना पूर्ण डायनासोर तारेभोवती गरगर फिरतो आणि तुमचं डोकं पण.

मग किचनमधली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून धडाला, मांड्यांना, मानेच्या मुळाशी घट्ट गुंडाळायची आणि चमच्याच्या पाठीने ठोकून दाबायची. दोन फायदे, क्ले कमी लागते आणि भाजताना जाडी सगळीकडे सारखी राहते. फॉइलवर क्ले घसरते म्हणून फेविकॉलचा पातळ हात मारून वाळू द्या, मग चिकटते.

अंग भरणं

क्ले आधी चांगली मळा, कणीक मळतो तशी, थंडीत जास्त वेळ. दोन रंगांचे उरलेले तुकडे एकत्र करून राखाडी करून घेतली तर बरं, पांढऱ्यावर आकाराची सावली दिसत नाही. पाच-सहा मिलिमीटरचा थर पूर्ण अंगावर द्या आणि मगच मोठे स्नायू चढवा. खांदा, मांडी, आणि एक जागा जी सगळे विसरतात ती म्हणजे शेपटीचं मूळ. डायनासोरच्या शेपटीच्या मुळातून एक भलामोठा स्नायू मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो, पाय मागे खेचायचं काम त्याचं. त्यामुळे शेपूट कंबरेला चिकटवलेल्या गाजरासारखी दिसता कामा नये, धडच हळूहळू निमुळतं होत गेलंय असं वाटलं पाहिजे. टूथपिकने मांडीच्या मागून शेपटीच्या बाजूपर्यंत हलकी रेघ ओढा आणि ती रेघ बोटाने अर्धी पुसून टाका, तेवढ्यानेच तिथे मांस असल्यासारखं दिसतं.

दर थोड्या वेळाने मोबाइलवर फोटो काढून तो आरशासारखा उलटा करून बघा. एक डोळा वर, एक खांदा जाड, सगळं लगेच कळतं. डोळ्यांना आपलीच चूक अर्ध्या तासात सवयीची होते.

पाय सांगितलेच. पुढचे पाय खाली सरळ खांब, तळ मागच्या बाजूला किंचित खोलगट, नालेसारखा. रिफिलचं टोक दाबून मागे खाच केली की झालं. मागचे पाय सापडलेलेच नाहीत म्हणून ते इतर टायटॅनोसॉरवरून घ्यायचे, जाड टाच, आणि तीन नखं जरा बाहेरच्या बाजूला वळलेली.

डोक्याचंही उसनंच. मी मादागास्करच्या रापेटोसॉरसच्या कवटीचं चित्र समोर ठेवतो, तोही टायटॅनोसॉर, आणि भारत नि मादागास्कर एकेकाळी चिकटलेले होते त्यामुळे अगदीच परकं नाही. लांबट तोंड, पेन्सिलीसारखे दात. कवटीत नाकपुडीचं भोक वर डोळ्यांच्या जवळ असतं म्हणून जुन्या चित्रांत नाक माथ्यावर काढायचे, पण मांसाची नाकपुडी बहुधा पुढे तोंडाच्या टोकाजवळ होती, तिथेच काढा. एवढं सगळं दोन सेंटिमीटरच्या डोक्यात बसवायचंय म्हणजे दात काढायच्या फंदात पडू नका, तोंड बंद ठेवा. डोळ्यासाठी स्टीलची टाचणी डोक्याजवळ कापून ते डोकं आत दाबायचं आणि वर क्लेच्या बारीक दोऱ्याच्या दोन पापण्या. प्लास्टिकच्या डोक्याची टाचणी नको, ओव्हनमध्ये वितळेल.

आता कातडी. इथे बहुतेकांचा वेळ आणि मॉडेल दोन्ही वाया जातं. माशासारखे एकावर एक खवले काढू नका. अर्जेंटिनात टायटॅनोसॉरची अंडी सापडली त्यात पिल्लांच्या कातडीचे ठसे मिळालेत, ते खवले एकमेकांवर चढलेले नाहीत, खड्यांसारखे शेजारी शेजारी आहेत. आणि हिशोब करा ना, दोन सेंटिमीटरचा खवला १:४० ला अर्धा मिलिमीटर होतो. तो दिसणारच नाही! म्हणून मोठं मॉडेल असल्याचा भास द्यायचा असेल तर खवल्यांपेक्षा सुरकुत्या काढा. मान वळलीय तिथे आतल्या बाजूला, काखेत, गुडघ्यापाशी, शेपटीच्या मुळाशी. क्लेवर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून वरून टूथपिकने रेघ ओढली की रेघेच्या कडा मऊ येतात, थेट ओढली तर नांगरल्यासारखी दिसते.

तरीपण हात शिवशिवत असतील, तर संत्र्याची साल. सालीवर खड्डे असतात, त्यामुळे तिचा ठसा मातीत उंचवट्यांचा उमटतो. साल जरा वाळवून, कॉर्नफ्लोअर भुरभुरवून खांद्यावर आणि मानेच्या बाजूला हलकी दाबायची. हिशोबाने हे खवले फार मोठे होतात मला माहितीय, म्हणून मी आता लिंबाची साल वापरतो, ती बारीक. पण चंद्रपूरच्या डायनासोरला नागपूरची संत्री लावायचा मोह पहिल्या वेळी मला आवरला नव्हता.

भाजणं

पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा, साधारण ११० ते १३० डिग्रीच्या मधे असतं, आणि वेळही त्यावरचाच. ओटीजीच्या, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनच्या, बटणावर विश्वास ठेवू नका, ओव्हन थर्मामीटर आत ठेवून बघा, माझा ओटीजी १२० लावला की १४५ दाखवतो. जास्त तापलं तर क्ले करपते आणि धूर अजिबात चांगला नसतो, खिडकी उघडी ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तर बिलकुल नाही, आत तार आणि फॉइल आहे. अजून एक, गरम असताना क्ले मऊ पडते, कडक ती थंड झाल्यावर होते. माझ्या दुसऱ्या इसिसॉरसची शेपूट ओव्हनमध्ये अशी सावकाश खाली वाकली आणि तशीच गार झाली. तेव्हापासून शेपटीखाली आणि हनुवटीखाली फॉइलच्या गोळ्यांचा टेकू देतो. ओव्हन बंद करून आतच थंड होऊ द्या, लगेच बाहेर काढलं तर तडा जाऊ शकतो.

रंग

भाजून झालं की साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, हाताचं तेल असतं. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. इथे मी हात पोळून घेतलाय, घरात गाडीचा स्प्रे पडला होता तो मारला, तर तो वाळेचना, आठवडा झाला, पंधरा दिवस झाले, बोट लावलं की चिकट. पॉलिमर क्ले आणि सॉल्व्हंटवाले स्प्रे यांचं बऱ्याचदा जमत नाही. ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक जेसो घ्या, तोही अस्तराचाच रंग, दोन पातळ हात, आणि रंगही अ‍ॅक्रिलिकच.

रंग कुठला, हा प्रश्न सगळे विचारतात. काही पिसवाल्या डायनासोरचा रंग जीवाश्मातल्या रंगकणांवरून कळलाय, चीनमधल्या सायनोसॉरॉप्टेरिक्सची शेपूट तांबूस-पांढरी पट्ट्यांची होती हे २०१० मध्ये छापून आलं. इसिसॉरसचं तसं काही हाती नाही, त्यामुळे इथे तुमचं राज्य, फक्त आजच्या मोठ्या जनावरांकडे बघून करा. मी ताडोबातल्या गव्यावरून घेतो, तोही चंद्रपूर जिल्ह्याचाच. वर काळपट तपकिरी, पोटाकडे फिकट, आणि गुडघ्याखाली पांढुरके मोजे. वरचं गडद आणि खालचं फिकट ही युक्ती हरणापासून माशापर्यंत सगळीकडे दिसते.

आधी मधला रंग पूर्ण अंगावर. मग वॉश, म्हणजे गडद तपकिरी रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करून सगळीकडे सोडायचा आणि मिनिटभरात वर आलेला भाग कपड्याने टिपून घ्यायचा, रंग सुरकुत्यांत बसतो आणि ज्या रेघा काढताना दिसतही नव्हत्या त्या अचानक उठून येतात. मला सगळ्यात जास्त मजा याच मिनिटाला येते. पूर्ण वाळलं की ड्राय ब्रश, फिकट रंगात ब्रश बुडवून वर्तमानपत्रावर इतका पुसायचा की आता रंगच नाही असं वाटेल, आणि मग तो अंगावरून हलका फिरवायचा, फक्त उंचवट्यांना रंग लागतो. इथे थांबता आलं पाहिजे, अजून थोडं अजून थोडं करत डायनासोर पिठात लोळल्यासारखा होतो. शेवटी मॅट वार्निश, आणि डोळ्यावर तेवढा चमकणाऱ्या वार्निशचा एक थेंब.

फळीवर जमीन करायची तर एक गंमत सांगतो. डायनासोरच्या मॉडेलखाली गवत लावलं की जाणकार लगेच नाक मुरडतात, डायनासोरच्या काळात गवत कुठलं म्हणून. पण डोंगरगावच्या जवळच पिसदुरा आहे, तिथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात, आणि २००५ साली त्या गोळ्यांमध्ये गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. गोळे बहुधा टायटॅनोसॉरचेच. त्यामुळे इसिसॉरसच्या पायाशी गवताचे चार झुबके बिनधास्त लावा, लॉन नको फक्त. नारळाच्या काथ्याचे तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून खोचले की छान दिसतं. डोंगरगावला माशांचे जीवाश्मही मिळालेत, तळं होतं तिथे, म्हणून मी एका कोपऱ्यात ओली चिकणमाती दाखवतो, खरा शाडू गेरू घालून, त्यावर पावलांचे ठसे. आणि मागच्या बाजूला क्लेचे दोन-तीन गोळे. पाहुणे विचारतात हे दगड का, मग सांगायला मजा येते.

राजासॉरस करायचा असेल, तो गुजरातच्या राहिओलीचा, २००३ मध्ये नाव मिळालेला, डोक्यावर बुटकं शिंग असलेला शिकारी, तर तो दुसरा किंवा तिसरा करा. दोन पायांवर उभा राहतो त्यामुळे तार जाड लागते, सगळा तोल कंबरेवर येतो आणि पुढे तोंड जड झालं की तो शेल्फवरून मान खाली घालून बघायला लागतो.

शेपटीचं टोक कधीतरी तुटणारच, झाडू मारताना किंवा मांजरामुळे. फेकू नका. दोन्ही तुकड्यांत सुईने भोक पाडून मध्ये तारेचा बारीक तुकडा घाला, सुपर ग्लूचा थेंब, आणि फट राहिली तर एमसील भरून टूथपिकने सुरकुत्या जुळवून घ्या. रंग जपून ठेवलेला असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून प्रत्येक मॉडेलचा मिसळलेला रंग मी झाकणाच्या बाटलीत ठेवतो आणि वर चिठ्ठी चिकटवतो, नाहीतर गव्याचा तपकिरी परत तसाच जुळत नाही.